खातं उघडतं, कागद जुळत नाहीत

डिसेंबर 2012 पर्यंत बँकेच्या अर्जावर एक रकाना हमखास असायचा: ओळख देणाऱ्याचं नाव, खातेक्रमांक आणि सही. त्याच शाखेत जुनं खातं असलेला माणूस शोधायचा, त्याला चहा पाजायचा आणि सही मिळवायची. पुण्याजवळच्या खडकवासल्यासारख्या गावात हे काम शाळेतले गुरुजी, दूध डेअरीचा सचिव किंवा केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातला एखादा नोकरदार करून द्यायचा. गावात नव्यानं आलेल्या बिगाऱ्याला किंवा परजिल्ह्यातल्या विद्यार्थिनीला असा माणूस मिळणं मुश्कील. रिझर्व्ह बँकेनं ही अट काढून टाकली. कागदांवरून ओळख पटत असेल तर मधल्या माणसाचं काम काय, हा त्यामागचा विचार रास्तच होता.

पण माणूस मधून गेला तसा सगळा भार कागदांवर आला. आज खातं अडतं ते कागद नसतात म्हणून क्वचित; बहुतेक वेळा अडतं ते असलेले कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. गावाचं शहर होताना हे जास्तच घडतं, आणि खडकवासला सध्या नेमकं तिथंच उभं आहे.

पत्त्यापासूनच बघा. खडकवासला म्हटलं की बाहेरच्याला एक धरण आठवतं, टपाल खात्याला मात्र तीन पिनकोड आठवतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा 411023, जल संशोधन केंद्राकडचा 411024 आणि पलीकडे गिरीनगरच्या संरक्षण संस्थेचा 411025. त्यात 30 जून 2021 रोजी खडकवासला, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी यांसह 23 गावं पुणे महापालिकेत गेली. डोणजे, गोऱ्हे ही पुढची गावं हद्दीबाहेर राहिली. त्यामुळे एकाच घरात आधारवर ‘मु. पो. खडकवासला, ता. हवेली’, जुनी घरपट्टीची पावती ग्रामपंचायतीची, नवी महापालिकेची, आणि वीजबिलावर महावितरणनं कधीकाळी टिपलेलं सर्व्हे नंबरसह भलतंच काहीतरी, असे चार तऱ्हांचे कागद निघतात. घर तेच, माणसंही तीच. काउंटरवरचा कर्मचारी मात्र पिनकोड वेगळा दिसला की अर्ज बाजूला ठेवतो.

रिझर्व्ह बँकेचा नियम काय म्हणतो? ओळख आणि पत्त्यासाठी सहा अधिकृत कागद चालतात: पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉब कार्ड, आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र. यांतला कुठलाही एक. जोडीला पॅन, आणि ते नसेल तर फॉर्म 60. सहापैकी तीन आणा, असं नियमात कुठंही नाही. तरी ‘आधार, पॅन, मतदान कार्ड, लाइटबिल, दोन फोटो’ ही यादी इतकी रुळली आहे की लोक न मागता सगळंच घेऊन जातात आणि मग त्या ढिगातच विसंगती सापडते. एक साधा सल्ला: जो कागद सर्वांत ताजा आणि अचूक आहे तेवढाच पुढे करा. जास्त कागद म्हणजे जास्त खात्री हा आपला जुना समज इथं उलटा पडतो.

दिलेल्या कागदावर सध्याचा पत्ता नसेल तर तात्पुरता पुरावा म्हणून दोन महिन्यांच्या आतलं वीज, फोन, पाणी किंवा पाइप गॅसचं बिल, मालमत्ता कराची पावती, निवृत्त सरकारी माणसाचा पेन्शन आदेश, किंवा सरकारी मालकानं दिलेलं घरवाटपाचं पत्र चालतं. शेवटचा पुरावा खडकवासल्यात विशेष उपयोगी आहे, कारण प्रबोधिनी, जल संशोधन केंद्र आणि गिरीनगर या तिन्ही ठिकाणी कर्मचारी वसाहती आहेत आणि तिथं राहणाऱ्यांच्या नावावर ना वीजबिल असतं ना घरपट्टी. मात्र हा पुरावा दिल्यावर तीन महिन्यांत अधिकृत कागदावर नवा पत्ता चढवून आणावा लागतो. आधारची पडताळणी करून खातं उघडत असाल आणि सध्या राहता दुसरीकडे, तर पत्त्याचं स्वतःच्या सहीचं निवेदनही पुरतं. ही सवलत बऱ्याच शाखांमध्ये सांगितली जात नाही. विचारली तर नाकारणंही जड जातं.

सिंहगड रस्त्यावर धायरी-वडगावपासून खडकवासल्यापर्यंत भाड्यानं राहणारे विद्यार्थी आणि नोकरदार भरपूर. त्यांचा भरवसा भाडेकरारावर असतो. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं सक्तीचं आहे, पण तो नोंदवलेला करारही रिझर्व्ह बँकेच्या सहा कागदांत किंवा तात्पुरत्या पुराव्यांत बसत नाही. त्याचा उपयोग आधारवरचा पत्ता बदलून घ्यायला होतो. म्हणजे करार आधी आधार केंद्रात दाखवायचा आणि मग बँकेत जायचं. हा क्रम ठाऊक नसला की चार हेलपाटे ठरलेले.

पत्त्याहून चिवट अडचण नावाची आणि ती बहुतेक बायकांच्या वाट्याला येते. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा बदलतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पॅन नोकरीच्या वेळी काढलेलं म्हणून त्यावरही तेच, आधार सासरी काढलेलं म्हणून त्यावर सासरचं. मतदार यादीत नावामागे ‘बाई’ लागलेलं, आधारवर नाही. संगणकाला यातली प्रत्येक बाई वेगळी. नियमात मात्र यावर स्पष्ट तोड आहे: राज्य सरकारनं दिलेला विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची सूचना जोडली की जुन्या नावाचा कागदही वैध धरायचा. विवाह नोंदणीसाठी महाराष्ट्रात 1998 चा कायदा आहे. लग्नाचा हॉल, बँडवाला आणि मेंदीवाली यांच्या यादीत नोंदणी कार्यालयाचं नाव शेवटी येतं किंवा येतच नाही, आणि त्याची वसुली वीस वर्षांनी बँकेच्या काउंटरवर होते.

2024 च्या उन्हाळ्यानंतर हे सगळं एकदम चव्हाट्यावर आलं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत दरमहा 1,500 रुपये थेट खात्यात येणार होते. 17 ऑगस्ट 2024 रोजी पुण्यातच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात तिचा शुभारंभ झाला. त्याआधी आणि नंतर राज्यभर बँकांसमोर बायकांच्या रांगा लागल्या. खातं आहे, आधारही लिंक केलंय, मग पैसे का येत नाहीत, हा तेव्हाचा सार्वत्रिक प्रश्न. त्याचं उत्तर शाखेत फारसं कुणी नीट समजावून दिलं नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणं ही एक गोष्ट. सरकारी पैसे त्या आधारवर कुठल्या बँकेत पाठवायचे, याची नोंद ही दुसरी. ही नोंद नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यादीत असते आणि एका आधारसमोर तिथं एकाच बँकेचं नाव राहतं, ज्या बँकेनं शेवटी नोंद केली तिचं. बँकेत तिला ‘सीडिंग’ म्हणतात. एखाद्या बाईचं पाच वर्षांपूर्वी गॅस सबसिडीसाठी माहेरच्या गावी उघडलेलं खातं त्या यादीत असेल, तर खडकवासल्यातल्या खात्याला आधार जोडूनही पैसे माहेरच्या खात्यात जातात. ती बिचारी इथं पासबुक भरून भरून थकते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहिली की कुठल्या बँकेचं नाव आहे ते दिसतं, त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा, आणि तो बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. नवं खातं उघडताना नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणू नका, ‘थेट लाभासाठी सीडिंग करा’ असं लिहून अर्ज द्या. त्या काळात पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खाती उघडण्याकडे अनेकींचा कल झाला तो सीडिंगच्या या गोंधळामुळेच. 1 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेल्या या बँकेचा पोस्टमन बोटाचा ठसा घेऊन दारातच खातं उघडतो. मात्र तिथं दिवसाअखेर दोन लाखांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि कर्जही मिळत नाही.

खातं कुठलं घ्यावं हा प्रश्न यापुढचा. गरज फक्त पगार, पेन्शन, अनुदान घ्यायची आणि थोडे पैसे काढायची असेल तर मूलभूत बचत खातं पुरतं. ते मागण्याचा हक्क कुणालाही आहे, त्यासाठी गरीब असण्याची अट नाही. किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं फुकट. अट एवढीच की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. 28 ऑगस्ट 2014 पासूनची जनधन खाती याच जातीची. देशात त्यांचा आकडा 50 कोटींच्या वर गेला. रुपे कार्डासोबत अपघात विमा मिळतो, 28 ऑगस्ट 2018 नंतरच्या खात्यांना दोन लाखांचा. ज्याच्याकडे एकही अधिकृत कागद नाही त्याच्यासाठी ‘लहान खातं’ आहे. फोटो आणि सही किंवा अंगठा एवढ्यावर ते उघडतं. त्यात वर्षभरात एक लाखापर्यंत जमा, महिन्याला दहा हजारांपर्यंत काढणं आणि पन्नास हजारांपर्यंत शिल्लक चालते. धायरी-नांदेडच्या बांधकामांवर येणाऱ्या मजुरांसाठी हे खातं फार कामाचं, पण ते मागणारा आणि देणारा दोघंही विरळ.

किमान शिलकीचा जाच सरकारी बँकांत बराच कमी झाला. स्टेट बँकेनं मार्च 2020 मध्ये ती अट उठवली, 2025 मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा यांनी तोच रस्ता धरला. खासगी बँकांचं वारं नेमकं उलट. ऑगस्ट 2025 मध्ये आयसीआयसीआय बँकेनं महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी सरासरी शिल्लक थेट 50,000 रुपये केली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती 15,000 वर आणली. किती शिल्लक ठेवायला सांगायची हे बँकेनं ठरवावं, असं रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी तेव्हा स्पष्टच सांगितलं. तेव्हा ‘महिन्याची सरासरी किती आणि मोडली तर दंड किती’ हे दोन आकडे सही करण्याआधी कागदावर मागा. दंड कापता कापता खातं उणे करता येत नाही, एवढं संरक्षण 2015 पासून आहे.

बँक कुठली, यावर पुणेकराला दुसऱ्यानं शिकवायची गरज नसावी. हे सहकारी बँकांचं शहर: कॉसमॉस 1906 ची, पुणे जिल्हा मध्यवर्ती 1917 ची, सहकारी नसलेली बँक ऑफ महाराष्ट्रही 1935 साली इथंच स्थापन झाली. आणि 1912 ची रुपी बँकही इथलीच. फेब्रुवारी 2013 मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि परवाना रद्द व्हायला 2022 उजाडलं. मधली नऊ वर्षं निवृत्तांनी मोर्चे काढण्यात घालवली. 99 टक्क्यांहून जास्त ठेवीदार ठेव विम्याच्या मर्यादेत बसत होते हे खरं, पण ज्यांची आयुष्याची पुंजी त्या मर्यादेबाहेर होती त्यांना या टक्केवारीचा काय उपयोग? ठेव विमा 4 फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखा मिळून, व्याजासह पाच लाखांपर्यंत आहे. सहकारी बँकेला तो लागू आहे, पतसंस्थेला नाही. पाटीवर कितीही ठळक अक्षरं असली तरी पतसंस्था ही बँक नव्हे. रोजच्या वहिवाटीचं खातं ओळखीच्या सहकारी बँकेत ठेवायला हरकत नाही. पाच लाखांच्या वर मात्र ओळख बाजूला ठेवावी.

आता धंद्याच्या खात्याकडे. शनिवार-रविवारी धरणाच्या चौपाटीवर जाऊन बघा. कांदा भजी, भाजलेलं कणीस, चहा आणि प्रत्येक गाडीवर क्यूआर कोडचा फलक. त्यातले बहुसंख्य कोड बचत खात्याला जोडलेले असतात. भज्यांचे पैसे, मुलाची फी, बचत गटाचा हप्ता, सगळं एकाच पासबुकात. बचत खातं धंद्यासाठी नाही, असं बँकांचे नियम सांगतात. छोट्या गाडीवाल्यांकडे त्या डोळेझाक करतात, आणि मला ती डोळेझाक फारशी चुकीची वाटत नाही. अडचण पुढे येते. सरासरी रोज सहा हजारांची विक्री धरली तरी वर्षाला 21 लाख 90 हजार होतात, आणि खाद्यसेवेला जीएसटी नोंदणीची मर्यादा 20 लाख आहे. जुलै 2025 मध्ये कर्नाटकच्या कर विभागानं यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या तेव्हा बेंगळुरूत ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. नोटीस आलेल्यांतल्या अनेकांच्या खात्यात भावाकडून घेतलेली उसनवारी आणि विक्री एकत्र मिसळलेली होती. वेगळं खातं असतं तर निदान उत्तर देता आलं असतं.

चालू खात्यावर व्याज मिळत नाही, किमान शिल्लक हजारांत असते, पण व्यवहारांच्या संख्येवर बंधन नसतं आणि पुढे कर्ज मागताना तेच खातं तुमची बाजू मांडतं. एकट्याचा धंदा असेल तर स्वतःच्या कागदांखेरीज धंद्याच्या नावाचे कुठलेही दोन पुरावे लागतात: उद्यम नोंदणी, शॉप अ‍ॅक्टची पावती, जीएसटी प्रमाणपत्र, व्यवसाय कर नोंदणी, धंद्याचं उत्पन्न दाखवलेलं विवरणपत्र, धंद्याच्या नावाचं वीजबिल वगैरे. दोन मिळतच नसतील तर जागेवर येऊन खात्री करून एकावर खातं उघडण्याची मुभा बँकेला आहे. यांतले पहिले दोन मिळवायला एजंट लागत नाही. 1 जुलै 2020 पासूनची उद्यम नोंदणी आधारवर होते, फुकट आहे, तिचं नूतनीकरणही नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने कायद्यानुसार मोजकेच कामगार असतील तर परवाना लागतच नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. तरी या दोन कागदांसाठी हजार-दीड हजार घेणारी दुकानं सगळीकडे आहेत. चौपाटीवरच्या गाडीवाल्याची खरी गोची वेगळीच: जिथं धंदा चालतो ती जागा त्याची नाही, अतिक्रमणाची गाडी आली की उठावं लागतं. त्यानं घराचाच पत्ता धंद्याचा म्हणून नोंदवावा. त्यात काही गैर नाही.

भागीदारीत करारपत्र, नोंदणी दाखला आणि संस्थेचं स्वतंत्र पॅन लागतं. कंपनीत संचालक मंडळाचा ठराव. ते काम सीए करतातच. बचत गटांबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी. गटाचं खातं उघडताना सगळ्या सभासदांची केवायसी, म्हणजे ओळखपडताळणी, मागायची नसते, पदाधिकाऱ्यांची पुरते. दहा बायकांना मजुरी बुडवून शाखेत उभं करणाऱ्या अधिकाऱ्याला हा नियम अदबीनं दाखवावा. नव्या गृहरचना सोसायट्यांचं खातंही वेगळ्या वाटेनं जातं: नोंदणीआधी नाव राखून ठेवल्याचं पत्र घेऊन मुख्य प्रवर्तकानं जिल्हा मध्यवर्ती बँकेत खातं काढायचं आणि सभासदांचं भागभांडवल तिथं भरायचं.

मोबाइलवरून खातं उघडण्याची जाहिरात आता सगळ्याच बँका करतात. त्यात दोन प्रकार आहेत आणि ते एक नव्हेत. फक्त ओटीपीवर उघडलेलं खातं अर्धवट असतं: शिल्लक एक लाखापर्यंत, वर्षाची जमा दोन लाखांपर्यंत, आणि वर्षात पूर्ण केवायसी केली नाही तर बंद. व्हिडिओवर अधिकाऱ्यासमोर पॅन दाखवून उघडलेलं खातं शाखेत उघडल्याइतकंच पूर्ण. ही सोय जानेवारी 2020 पासून आहे. पण ‘डोळे मिचकवा’ म्हणणाऱ्या यंत्रापुढे अंध माणसानं किंवा अ‍ॅसिडहल्ल्यात पापण्या गमावलेल्या बाईनं काय करायचं? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 30 एप्रिल 2025 च्या निकालात न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीचे पर्यायी मार्ग ठेवायला सांगितलं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं नियमांत घातलं की केवायसीचा अर्ज डोळे झाकून फेटाळायचा नाही, कारण नोंदवायचं.

तरुण पोरांसाठी एक इशारा. ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असं म्हणणारे कॉलेजांच्या आसपास फिरतात. सायबर फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरवले जातात. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार झाली की रक्कम जिथं जिथं गेली ती खाती गोठतात आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. खातं कुणी वापरलं हा खुलासा मग पोलीस ठाण्यात देत बसावं लागतं.

खातं उघडल्यावरही कागद संपत नाहीत. कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी दर दहा वर्षांनी ताजी करावी लागते. काही बदललं नसेल तर तसं निवेदन पुरतं. दोन वर्षं तुमच्याकडून व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं, पण 1 एप्रिल 2024 पासून अशा खात्याला शिलकीचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करायला पैसेही घेता येत नाहीत. खातं नाकारलं किंवा नियमाबाहेरचा कागद मागितला तर लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्मे नकार तिथंच विरघळतात, असा माझा अनुभव आहे. बँकेकडे केलेल्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं; माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे आणि तक्रारीला शुल्क नाही.

अर्जाच्या शेवटच्या पानावर वारसदाराचा रकाना असतो आणि कंटाळून लोक तोच मोकळा सोडतात. दावा न झालेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेला 2023 मध्ये ‘उद्गम’ नावाचं स्वतंत्र संकेतस्थळ काढावं लागलं. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात. निदान एक तरी लिहा, आणि ते त्या माणसाच्या आधारवर आहे तसंच लिहा.